उलट्या गवताचं मैदान

शैला,

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. इतके दिवस घरात पाहुणे होते, भेटायला येणाऱ्यांचा राबता होता, चुलीवरून चहाचं आधण उतरत नव्हतं, त्यामुळं रागवायलासुद्धा सवड मिळाली नाही. आता सगळे आपापल्या गावी गेलेत. हे खाचरात तण काढायला गेलेत, भाऊजी टेम्पो घेऊन पुण्याला. घरात मी एकटीच आहे. आता ऐक.

तू माझी धाकटी जाऊ. खडकीत वाढलेली. लग्न होऊन धरणाकाठच्या या गावात आलीस तेव्हा तुझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली हॉकीची स्टिक होती. सासूबाईंना वाटलं, कुत्री हाकलायला आणलीय. तू हसलीस आणि म्हणालीस, "आत्याबाई, मी हाफला खेळायचे." हाफ म्हणजे मधल्या फळीत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला कळायलाही बरीच वर्षं लागली. मी पौडकडची. अंगणवाडीत पोरं सांभाळणारी बाई. माझं पोट काही पिकलं नाही. ऋतुजा झाली तेव्हा तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "आक्का, ही दोघींची." हे तू सहज म्हणालीस. मी ते सहज घेतलं नाही, तुला ठाऊक आहे.

तर ते पिंपरीचं. शाळेच्या टीमची टर्फवरची, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावरची, पहिली मॅच. ऋतू परत आली ती बूट न काढताच पडवीत बसली. आपल्या शाळेचं मैदान मुरमाचं, बॉल कुठं उसळेल नेम नाही, म्हणून सगळ्या पोरी स्टिक वर धरून खेळायला शिकलेल्या. टर्फवर बॉल उसळलाच नाही. जमिनीला घासत आला आणि ऋतूच्या स्टिकखालून निघून गेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सरांनी तिला बाहेर बसवलं.

"मी सोडली हॉकी," ती म्हणाली.

तू सुपात तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सोड की. पण हात तयार झाल्यावर सोड. आत्ता सोडलीस तर जमिनीनं हरवलं तुला, हॉकीनं नाही."

क्रीडा वसतिगृहाची निवड-चाचणी पावसाळ्याच्या तोंडावर व्हायची होती. निवड झाली तर शाळा, राहणं, जेवण तिथंच, आणि रोज टर्फवर सराव. चाचणीही टर्फवरच. आपल्याकडून पिंपरीला रोज जाणं म्हणजे चांदणी चौकातल्या गर्दीतच अर्धा दिवस. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणालीस, "घरामागं टर्फ करायचं."

घरामागची ती सपाट जागा. पूर्वी तिथं गोठा होता. ह्यांनी तिथं चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून ठेवल्या होत्या. शनिवार-रविवारी येणाऱ्या पुण्याच्या लोकांसाठी खोल्या काढायच्या, हे घरात ठरलेलं होतं. हे जेवता जेवता थांबले.

"हितं खोल्या व्हनार हायेत शैला. मी ठेकेदाराला शब्द दिलाय."

"खोल्या पुढच्या साली बांधा ना दादा. ऋतूची चाचणी पुढच्या साली होणार नाही. वय उलटून जाईल."

"आन टर्फ म्हंजी काय खळं हाय व्हय, सारवलं की झालं?"

"तसंच समजा."

ताटावरून उठले ते. त्या दिवसापासून या घरात सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. भांडं आपटलं तरी मला धस्स व्हायचं.

आणि त्यात तुझी छाती. लहानपणीचा सांधेताप तुझ्या हृदयाच्या झडपेवर बसून राहिला होता. इतकी वर्षं गोळ्यांवर निभावलं. यंदा ओढ्यावरून वर येताना तू दोनदा खाली बसायचीस. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झडप बदलावी लागेल, पावसाळ्याच्या आत या. तू मान हलवलीस. बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणालीस, "चाचणी झाली की येऊ." मी तिथंच, त्या जिन्यात, तुझ्याशी भांडले. लोक वळून बघत होते. "शैला, जीव हाय तर बाकी समदं हाय," मी म्हटलं. तू म्हणालीस, "आक्का, ऑपरेशन झाल्यावर मला महिनोन्महिने उठता येणार नाही. तोवर तिची वेळ गेलेली असेल." भाऊजी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी जाऊन टेम्पो चालू केला.

गवत भाऊजींनीच आणलं, हे मात्र खरं. धरणाकडच्या एका रिसॉर्टनं पोहण्याच्या तलावाभोवतीचं जुनं प्लास्टिकचं गवत काढून बाहेर टाकलं होतं. त्यांना ते उचलणारं कुणीतरी हवंच होतं. टेम्पोभर वळकट्या आल्या. चिखलानं माखलेल्या, कुजकट वासाच्या. तुझ्या-माझ्यात ठरलं होतं की तू कशाला हात लावायचा नाही. मी तुला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि तू तिथून हुकूम सोडायला लागलीस. ऋतू आणि मी ओढ्यावर वळकट्या घासल्या. भाऊजींनी जागेतले धोंडे काढले, मुरूम पसरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. खडी क्रशरची बारीक कच वर टाकली. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी धरून तू उतार तपासायला लावलास. कुठं बोटभर खड्डा दिसला की, "तुमच्या भाऊजींना सांगा, परत," असं मला म्हणायचीस. नवरा समोर उभा, आणि निरोप माझ्याकरवी! तुमच्यात अबोला होता. त्यांना ऑपरेशन आधी हवं होतं, तुला मैदान आधी. तरी ते खड्डा भरायचे.

गवत अंथरलं. दाभण आणि सुतळीनं पट्टे एकमेकांना शिवले. माझ्या बोटांची सालं निघाली. कडांवर वाळूची पोती ठेवली. ऋतूनं बॉल ठेवला आणि मारला.

बॉल चार हातांवर जाऊन बसला. गवत शोभेचं होतं, लांब पात्यांचं. बॉल त्यात रुतत होता.

ऋतूनं पुन्हा मारला. पुन्हा तेच. "आई, इथं बॉल जातच नाहीये," ती म्हणाली. हे गोठ्याच्या जुन्या खांबाला टेकून उभे होते. बॉलकडं एकदा बघून निघून गेले. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. कात्रीनं पाती कापायचा प्रयत्न मी केला. कात्री बोथट झाली, गवत तसंच.

सकाळी मी गाईला पेंड द्यायला मागं आले तर तू खुर्ची सोडून गुडघ्यावर बसली होतीस. एक पट्टा उलटा करून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. काळी, रबरासारखी पाठ. घामानं निथळत होतीस. मी ओरडणार तेवढ्यात तू बोट ओठावर ठेवलंस आणि म्हणालीस, "आक्का, कळशीभर पाणी आणा."

पाणी ओतलं. तू बॉल हातानंच ढकललास. तो त्या ओल्या काळ्या पाठीवरून सरसर गेला, उसळला नाही, थेट पोत्यावर आदळला. तू माझ्याकडं बघितलंस. तुझा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तू हसत होतीस. मला त्या क्षणी तुझा इतका राग आला होता आणि इतकं कौतुक वाटलं होतं, की काय करावं न कळून मी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला.

सगळी शिवण उसवली. सगळं गवत उलटं घातलं. पाती खाली, पाठ वर. खालच्या पात्यांमुळं पायाला थोडं मऊही लागायचं. पुन्हा दाभण, पुन्हा सुतळी. मग रोज सकाळी शाळेआधी ऋतू आणि संध्याकाळी ऋतू. तू खुर्चीवर. "स्टिक खाली. खाली म्हणजे जमिनीला चिकटव. तुला अजून वाटतं बॉल उडेल. नाही उडणार. विश्वास ठेव." ती चुकली की तू कठोर व्हायचीस. एकदा ती रडत म्हणाली, "तू आई आहेस का कोण आहेस?" तू म्हणालीस, "आई जेवायला वाढताना. आता बॉल घे."

मग तो जेसीबीचा दिवस. हे मला काही बोलले नव्हते. सकाळी धडधडत जेसीबी मागच्या वाटेनं आला, त्याच्यामागं हे. ठेकेदार घाई करत होता, पाऊस लागायच्या आत पाया खोदायचा होता. ऋतू शाळेला जायची होती, स्टिक हातात घेऊन तशीच उभी राहिली. तू खुर्ची उचललीस, ओढत ओढत मैदानाच्या मधोमध नेलीस आणि बसलीस.

"शैला, उठ तितनं," हे म्हणाले.

"ऋतू, तू बॉल मार," तू म्हणालीस.

"मी काय बोल्तोय?"

"ऐकू येतंय दादा. ऋतू, मार."

 तिनं मारला. जेसीबीवाला बिहारकडचा होता, त्यानं इंजिन बंद केलं आणि कुणाकडं बघावं ते न कळून आकाशाकडं बघत बसला. हे मैदानाच्या कडेपर्यंत आले. मी मधे जाऊन उभी राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या वाटेत उभी राहिले असेन. "सुमन, बाजूला हो," ते म्हणाले. मी झाले नाही.

तेवढ्यात तू बोलायला म्हणून उठलीस आणि तुझा श्वास अडकला. ओठ निळसर पडले. तू खुर्चीची पाठ धरलीस, ती कलंडली, आणि मी तुला धरलं. हे धावत आले. तुझं डोकं त्यांनीच वर उचललं. "जा जा, घेऊन जा त्याला," असं जेसीबीवाल्याला ओरडले. पाणी आणलं, वारा घातला. जरा वेळानं तुझे डोळे थाऱ्यावर आले. जेसीबी मागं फिरल्याचं तू पाहिलंस. मला वाटलं, आता तू शांत होशील.

तू म्हणालीस, "दादा, माझ्या छातीमुळं थांबू नका. तसं असेल तर उद्या परत आणा त्याला. पोरीमुळं थांबा."

हे कलंडलेली खुर्ची उभी करून घरात गेले.  पण पावसाचे ढग धरणावर जमायला लागले तेव्हा एका दुपारी मी पाहिलं, हे कुदळ घेऊन मैदानाच्या वरच्या अंगाला चर खणत होते, डोंगराचं पाणी बाजूनं ओढ्याकडं काढायला. कुणी सांगितलं नव्हतं. तू खिडकीतून बघत होतीस. "जरा डावीकडं घ्या दादा," म्हणालीस. "आता मला खणायला बी शिकव," ते म्हणाले. एवढंच. त्या रात्री जेवणं नीट झाली.

आणि चाचणी पुढं ढकलली गेली. हे मला अजून सहन होत नाही. फोन आला, पावसामुळं तारीख पुढं गेली. त्याच दिवशी तुला दवाखान्यात भरती व्हायची तारीख मिळाली होती. तू माझ्यासमोर दवाखान्यात फोन लावलास आणि गोड आवाजात सांगितलंस, थोडं पुढं ढकलाल का? मी तुझ्या हातातून फोन ओढला. तू परत घेतलास. भाऊजी म्हणाले, "वैनी, हिला समजवा. मी सांगून थकलो." मी काय समजावणार होते? तुला रोज समजावत होते. तुझ्या पायांवर सूज यायला लागली होती. तू साडी जरा खाली नेसायला लागलीस, ती दिसू नये म्हणून. मला दिसत होती.

चाचणीच्या दिवशी तू ऐकलं नाहीस, आलीसच. पिंपरीच्या त्या पायऱ्यांवर आपण दोघी बसलो. पाऊस उघडला होता, टर्फ ओलं, चकाकत होतं. शहरातल्या पोरी, त्यांचे नवे बूट, त्यांच्या गाड्यांतून आलेले आईबाप. ऋतू त्यांच्यात एवढीशी दिसत होती. पहिला बॉल तिच्याकडं आला तेव्हा तू माझं मनगट धरलंस. बांगडी रुतली. बॉल घासत, वेगानं आला. ऋतूची स्टिक खाली होती. जमिनीला चिकटलेली. बॉल टक् करून तिथंच थांबला.

तू टाळी वाजवली नाहीस. मनगट तेवढं सोडलंस. मला वाटतं, तुझ्यापुरती चाचणी तिथंच संपली होती.

निवड झाल्याचा फोन आला आणि मग तू दवाखान्यात गेलीस. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, "आक्का, मला शब्द द्या. काही झालं तरी तिला पाठवाल."

मी म्हटलं, "तू बरी व्हऊन ये. तूच सोड तिला."

"शब्द द्या."

"न्हाई देनार. तुला यायचंय."

तू भिंतीकडं तोंड केलंस. मी तुझे पाय दाबत बसले. ते आपलं शेवटचं बोलणं, शैला. लोकांना वाटेल मला त्याचं वाईट वाटत असेल. नाही वाटत. मी शब्द दिला असता तर तू निर्धास्त झाली असतीस, आणि मला तुला निर्धास्त होऊ द्यायचं नव्हतं. मला वाटत होतं, पोरीची काळजी ओढून आणेल तुला परत.

ऑपरेशन झालं. झडप बसली म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, भाऊजींचं बोट धरलंस. संध्याकाळी सगळं बिघडलं. मी डॉक्टरांना विचारलं, "आधी आणली असती तर?" त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. तेही थकलेले होते. "सांगता येत नाही," म्हणाले. "आधी आणलं असतं तरी हे होऊ शकलं असतं." मी त्या वाक्यात अडकून पडलेय. ते मला तुझ्यावर धड रागावू देत नाही आणि धड माफही करू देत नाही.

तुझ्यामागं इथं काय झालं ते सांगते. वसतिगृहात हजर व्हायचा दिवस जवळ आला. भाऊजी म्हणाले, "न्हाई पाठवनार मी. घर खायला उठतंय वैनी. ती बी गेली तर मी कुनाकडं बगू?" ऋतूनं स्टिक कपाटावर टाकली. "मी पण नाही जाणार. पप्पा एकटे पडतील." दोघं बाप-लेक एकमेकांना धरून बसली होती. कोण त्यांना तोडणार?

तोडलं ह्यांनी. पडवीत बसून होते, तिथूनच म्हणाले, "बाळू, मी जेसीबी मागारी धाडला तो पोरीला घरात बसवायला न्हाई." भाऊजी ताडकन उठले. मला वाटलं, आता भाऊभाऊ भिडतात. भाऊजी दारापर्यंत गेले, चौकट धरून उभे राहिले आणि तिथंच रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. ह्यांनी त्यांना आत घेतलं.

मग ऋतू माझ्याकडं आली. "मोठी आई, आईनं तुझ्याकडून शब्द घेतला होता का?"

"मागितला व्हता. मी दिला न्हाई."

"मग मी नाही गेले तरी चालेल?"

"चालंल," मी म्हटलं. "तुझ्या आईसाठी जाऊ नको. पप्पांसाठी राहू नको. पप्पांच्या भाकरीला मी हाय. तुला बॉल पायजे का नको, तेवढंच सांग."

तिनं कपाटावरच्या स्टिककडं बघितलं. मग म्हणाली, "भीती वाटते." आणि मग, अगदी हळू, "पायजे."

काल मी तिला सोडून आले. भाऊजी टेम्पोतून उतरले नाहीत, त्यांना फाटकापर्यंत यायचं बळ नव्हतं. मीच तिची पेटी आत दिली. मैदानावर पोरी पळत होत्या, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मला वाटलं ती गळ्यात पडेल, मग मला आवरणार नाही. पण ती मोठ्या बाईसारखी उभी राहिली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर पप्पांना आधी जेवायला वाढ. ते मागणार नाहीत. तू वाढ." आणि वळून गेली. चाल तुझी आहे, शैला. खांदे जरा पुढं, जणू कुणी आडवं येणारच आहे.

घरी आलो. मी हातपाय धुतले, तव्यावर भाकरी टाकली, ताट मांडलं. ते म्हणाले, "भूक न्हाई वैनी." मी म्हटलं, "पोरीनं सांगितलंय." मग बसले. जेवले. भात पुन्हा मागून घेतला.

मी भांडी घासली, ओटा पुसला आणि मग पडवीत बसून खूप रडले. राग अजून आहे. पण रडता आलं, शैला.